उशाशी, दोघींच्या मान्यतेने

रंजना,

तुझ्या प्रकाशरावांनी आज दुपारी आपला सर्व्हर माझ्या घरी आणून दिला. त्याला सर्व्हर आपण दोघीच म्हणायचो. येणाऱ्याजाणाऱ्याला तो तुझ्या ऑफिसने मोडीत काढलेला जुना कॉम्प्युटरच दिसायचा, गॅलरीतल्या स्टुलावर बसलेला, धूळ लागू नये म्हणून तुझी निळी ओढणी पांघरलेला. त्या ओढणीसकट छातीशी धरून त्यांनी तो माझा जिना चढवला. "ताई, मी वर्ध्याले चाललो आता," ते म्हणाले. "हे बंद करून टाकू म्हटलं, पण हिंमत नाही झाली. तुमीच पाहा काय ते." चहा विचारला तर मान हलवून नको म्हणाले. तुझ्याशिवाय त्या माणसाला जिना उतरतानासुद्धा कुठे वळायचं ते कळत नव्हतं. ते गेल्यावर मी वायरी जोडल्या, बटण दाबलं, आणि तुझ्या गॅलरीतली घरघर माझ्या खोलीत सुरू झाली. मी डोळे मिटून बसले. मिटले की तुझं घर, उघडले की माझं. मधे कुठेतरी तू होतीस, पाठमोरी, दोरीवर कपडे वाळत घालताना.

तुला जाऊन थोडेच दिवस झालेत. माणसं भेटतात, आवाज हळू करून बोलतात, आणि निघताना घुटमळून विचारतात, "ते स्वप्नांचं आता काय?" मी त्यांना काही सांगत नाही. तुलाच सांगते. तुला हे सगळं माहीत आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून जाऊन यायचं आहे, आणि एकटीने जायची सवय अजून झालेली नाही.

आपण सकाळी टेकडीवर जायचो. थंडीत धुकं असं पसरायचं की खालचं कर्वेनगर दिसायचंच नाही, नुसत्या कुकरच्या शिट्ट्या वर यायच्या. चालताचालता तू रात्रीचं स्वप्न सांगायचीस. तू वर्ध्याची, त्यामुळे तुझ्या स्वप्नांत ऊन फार. मी सदाशिव पेठेत वाढलेली. मला स्वप्नं पडत नाहीत, असं मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "पडत असतील व," तू म्हणालीस, "तूच त्यायले आत घेत नसशील."

आणि त्याच धुक्यात तुझ्या डोक्यात ते आलं. लोकांनी उठल्या उठल्या, दात घासायच्या आधी, आपलं स्वप्न फोनवर लिहावं आणि ते सगळ्यांना वाचता यावं, एवढ्यासाठी एक साइट काढायची. नाव लगेच ठरलं, 'उशाशी'. तू सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा पगार घेणारी. मी पतसंस्थेत जन्म काढून नुकतीच निवृत्त झालेली. मला वाटलं, करशील तू आणि कौतुक करेन मी. पण तुझी अट होती. सूचना तू वाचणार, टाइप मी करायचं.

"मी टाइप केलं तं तू नुसता चहा करशील," तू म्हणालीस. "मंग मी नसली तं हे चालवंल कोण?"

तेव्हा तुला काहीही झालेलं नव्हतं. 'नसली' म्हणजे सुट्टीत गावाला गेली, एवढंच धरून आपण बोलत होतो.

त्या दुपारी मला आता एकच लांब दुपार असल्यासारख्या आठवतात. गॅलरीत ऊन हळूहळू फरशीवरून सरकतंय, तू पाय वर घेऊन मोबाइलवरून वाचतेयस, आणि मी एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधतेय. काळ्या पडद्यावर ओळी खालून वर धावायच्या आणि मला काही कळायच्या आत नाहीशा व्हायच्या. प्रत्येक हुकुमाच्या आधी 'सुडो' लिहायला लावायचीस. मी विचारलं, हा सुडो कोण? "तो मालकाचा आवाज काढते," तू म्हणालीस. "सुडो लिहिलं का यंत्राले वाटते, मालकच बोलून राहिला." मी म्हटलं, आमच्या पतसंस्थेत असे पुष्कळ होते.

प्रोग्राम कुणा परक्या देशातल्या लोकांनी लिहून जगासाठी मोकळा सोडलेला होता. कुणीही घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, पुढे द्यावा. तुला त्यात नवल वाटत नव्हतं. मला फार वाटत होतं. त्यामुळे 'अटी मान्य' अशा चौकोनावर टिचकी मारायची वेळ आली तेव्हा मी हात मागे घेतला आणि म्हटलं, आधी वाचू दे.

"ते कोणीच वाचत नाही, नीलिमा."

"म्हणूनच."

शब्दकोश घेऊन मी त्या अटी वाचल्या. तू तोवर भाजी निवडलीस, पेपर वाचलास, एक डुलकी काढलीस. मग मी तुला उठवून सांगितलं, "यात स्वच्छ लिहिलंय की हे चालेल याची कसलीही हमी नाही. हे वाचून कुणी सही कशी करायची?"

तू इतकी हसलीस की शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं. "फुकटात देऊन राहिले बिचारे, आन् तुले वरून हमी पायजे! तुमी पुणेवाले म्हणजे..." पुढचं तू गिळलंस. मी टिचकी मारली, पण हरकत मनात नोंदवून ठेवली.

सगळं बसवून झाल्यावर पडद्यावर पांढरं पान आलं. नुसतं पांढरं. मला वाटलं, झालं वाटतं. तू म्हणालीस, झालं असतं तर काहीतरी दिसलं असतं. फोल्डर आपलं, यंत्र आपलं, पण त्या प्रोग्रामला तिथे लिहायची परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली. पान उघडलं, वर 'उशाशी' अशी अक्षरं आली, आणि आपण दोघी एकमेकींकडे न बघता तिकडेच बघत बसलो. मला वाटलं, आपण एक घर बांधलंय आणि त्यात राहायला अजून कुणीही आलेलं नाही, आणि तेच किती छान आहे.

पहिलं स्वप्न तुमच्या इमारतीतल्या दळवीकाकांचं. त्यांनी ते चांगलं ऐसपैस लिहिलं, आणि पानावर उमटली ती सगळी प्रश्नचिन्हं. ओळीच्या ओळी, मधे स्वल्पविराम, शेवटी पूर्णविराम, बाकी प्रश्नचिन्हं. आपण माहिती साठवायच्या खणाला मराठी अक्षरं येणार आहेत हे सांगायलाच विसरलो होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या दोघी जणी, आणि मराठी लोकांसाठी साइट काढताना मराठीच राहिली! तू सेटिंग बदललंस, पण आत गेलेलं स्वप्न परत येईना. मी काकांकडे जाऊन म्हटलं, पुन्हा एकदा लिहा. ते म्हणाले, "अहो, आता कुठलं आठवतंय? सकाळी दिलं होतं तुम्हाला ताजं. तेव्हाच नीट ठेवायचं."

मी ते काढून टाकायला निघाले होते. तू माझा हात धरलास. "राहू दे. स्वप्न असंच तं दिसते." आणि तू त्याला मान्यता दिलीस, मग मीही दिली. ते अजून आहे.

मान्यतेचं कलम माझं. प्रोग्राममध्ये एक चौकट होती: लिहिलेलं प्रसिद्ध होण्याआधी किती जणांची मान्यता हवी. तिथे आधीपासून शून्य होतं. तू म्हणालीस, राहू दे शून्य, लोकांची स्वप्नं आहेत, आपण कोण मान्य करणारे. मी म्हटलं, आमच्याकडे दोन सह्यांशिवाय पेनसुद्धा विकत घेता यायचं नाही. आणि उद्या कुणी स्वप्नाच्या नावाखाली सोसायटीच्या चेअरमनला शिव्या घातल्या तर? ते तुला पटलं. मी दोन लिहिलं. प्रत्येक स्वप्नाखाली मान्यता देणाऱ्यांची नावं दिसतील अशीही सोय होती, तीही करून टाकली. नियम एकच ठेवला, झोपेत दिसलेलं हवं, जागेपणी रचलेलं चालणार नाही.

"आन् दोघींतली एक गावाले गेली तं?" तू विचारलंस.

"तर दुसरी थांबेल," मी म्हटलं.

मग लोक येत गेले. आधी तुमची इमारत, मग आमची, मग टेकडीवरचे, मग त्यांचे कोण कोण. कात्रजच्या एका बाईंना स्वप्नात दुधाचा टँकर दिसला, त्याचं झाकण उघडलं तर आत त्यांचा चौथीचा वर्ग बसला होता, हजेरी चालू होती. लोणी काळभोरच्या एकाने लिहिलं की त्याच्या उसात लिफ्ट उगवली आहे आणि ती फक्त खाली जाते. एका निवृत्त प्राध्यापकांच्या स्वप्नात मुठेचं पाणी उलटं वाहत होतं आणि त्यांना त्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची ते सापडत नव्हतं. सकाळी चहा घेताना ती सगळी वाचायची आणि मग तुझ्याबरोबर टेकडीवर जायचं. रस्त्यात भाजीवाल्याकडे उभी असलेली माणसं बघून मला वाटायचं, यांच्यातल्या कुणाच्या उसात लिफ्ट आहे? पुण्यात जन्म गेला माझा. या गावात इतकं काही चालू आहे हे तुझ्यामुळे कळलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी दिवे गेले की साइटही झोपायची. आपण कुणाला कारण सांगितलं नाही, आणि इथल्या लोकांनी ते साप्ताहिक सुट्टी समजून बिनतक्रार स्वीकारलं.

गेल्या उन्हाळ्यात तुझा आजार कळला. त्याबद्दल मला लिहायचं नाही. तूही कधी बोलली नाहीस. टेकडी बंद झाली तेव्हा म्हणालीस, तूच जाऊन ये आणि वर काय आहे ते सांग. मी जायचे आणि येऊन सांगायचे की काही विशेष नाही, आहे तेच आहे.

आणि मग एका सकाळी यादीत तुझं स्वप्न आलं. इतक्या दिवसांत तू पहिल्यांदाच स्वतःचं लिहिलं होतंस. खाली तुझी मान्यताही देऊन ठेवलेली.

"मी आणि नीलिमा टेकडीवर बसून आहोत. दोघीही म्हाताऱ्या. नीलिमाच्या तोंडात एक दात नाही, तरी भांडून राहिली. धुकं आहे. खालून कोणाचं तरी दार वाजल्याचा आवाज येते. मी तिला म्हणते, चाल घरी. ती म्हणते, थांब व, अजून उजाडू दे. मग आम्ही बसूनच राहतो."

मी ते वाचलं आणि तशीच तुझ्याकडे आले. दारातच म्हटलं, "हे स्वप्न नाही."

"मंग काय आहे?"

"इच्छा आहे. यात एकही गोष्ट उलटीसुलटी नाही. स्वप्नात निदान एक तरी माणूस चुकीच्या ठिकाणी असतो. तुझ्यात सगळे जागच्या जागी आहेत. आणि स्वतःच्याच लिखाणाला स्वतः मान्यता?"

"नियमात नको म्हणून लिहिलं नाही." टेस्टर होतीस तू. पळवाट तुला आधी दिसायची. "झोपेतच दिसलं व, नीलिमा. तुह्या गळ्याची आन."

"पुरावा?"

तू उशीवर मागे टेकलीस आणि हसलीस. "झोपेचा पुरावा कसा देऊ बाप्पा?"

त्यानंतर हे भांडण आपलं रोजचंच झालं. मी आले की तू भुवई उंचावून विचारायचीस, मी नाही म्हणून मान हलवायचे. प्रकाशरावांना वाटायचं, आपण औषधांबद्दल बोलतो. शेवटी तुझा आवाज अगदी बारीक झाला होता, तेव्हाही तू विचारलंस, "केलं काय मान्य?" मी म्हटलं, "नाही. नियम म्हणजे नियम." तुला हसताना दम लागला. मी चमच्याने पाणी पाजलं. मग तू डोळे मिटलेस. मी तुझा हात हातात घेऊन बसले, आणि जे बोलायचं होतं ते बोलले नाही.

ते आता बोलते. ते तू झोपेत पाहिलंस की जागेपणी रचलंस, याच्याशी मला काडीचं घेणंदेणं नव्हतं. स्वप्न म्हटलं की झालं, पाहिलं, लिहिलं, संपलं. माणूस कूस बदलतो आणि विसरतो. पण इच्छा म्हटली की ती पुरी करावी लागते. तुला ती पुरी करायला लागावी म्हणून मी अडून बसले होते. मला वाटत होतं, मी जोवर मान्य म्हणत नाही तोवर ते व्हायचं बाकी आहे. डॉक्टर काहीही म्हणोत, तुला माझ्याबरोबर म्हातारं व्हावं लागेल. हा वेडेपणा होता हे मला तेव्हाही कळत होतं. तुला माझा हा डाव कळला होता का? मला वाटतं, कळला असावा. नाहीतर इतक्यांदा न चिडता विचारलं नसतंस.

आज यंत्र सुरू झाल्यावर मी यादी उघडली. तू आजारी पडल्यापासून आलेली सगळी स्वप्नं तिथे ओळीने थांबली आहेत. तुझं एक सोडलं तर प्रत्येकाखाली माझं नाव आहे आणि तुझी जागा मोकळी. लोकांचे निरोप आहेत. एकाने लिहिलंय, "आमचं स्वप्न आपल्याकडे अडकलं आहे. तोवर दुसरं पाहावं की थांबावं, कळवावे." बातमी त्यांना नसेल. कात्रजच्या बाईंना आहे. त्यांनी लिहिलंय, रंजनाताई माझ्या स्वप्नात आल्या होत्या, टँकरच्या मागे सायकलवर. त्या स्वप्नालाही तुझी मान्यता लागते, रंजना. आपली साइट अशी आहे.

मी खूप वेळ नुसती ती ओळीने वाचत गेले. खिडकीतून ऊन आलं होतं, पंखा घरघरत होता, आणि एकाचं स्वप्न संपून दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते मला कळेनासं झालं. सगळ्यांत तू होतीस असं वाटलं. उसातल्या लिफ्टमध्ये, उलट्या नदीच्या काठावर, निळी ओढणी घेतलेली. झोप लागली असेल मला. लागली असेल तर ते स्वप्न होतं, आणि मला स्वप्नं पडत नाहीत ही बढाई तिथे संपली.

तुझा पासवर्ड मला माहीत आहे, मीच टाइप केला होता. तुझ्या नावाने आत जाऊन मान्य म्हणत सुटले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण ती खोटी सही. ते माझ्या हातून व्हायचं नाही. दुसरा रस्ता म्हणजे ती चौकट. तिथला दोन काढून एक लिहायचा. मग ज्या ज्या स्वप्नाखाली एक नाव आहे ते सगळं एका झटक्यात बाहेर पडेल, आणि त्यातच तुझंही. खाली फक्त तुझं नाव घेऊन, माझ्याकडे न बघता निघून जाईल. तसं चालू देता आलं असतं. मी हरलेही नसते, जिंकलेही नसते. किंवा आधीच ते काढून टाकता आलं असतं, तेही हातात होतं.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. धुकं, दाराचा आवाज, दोघी म्हाताऱ्या. तुझी नजरच तशी, मी दात नसतानाही भांडत असणार हे तू बरोबर पकडलं होतंस. पण टेकडीवर म्हातारी होऊन मी एकटीच बसणार आहे, रंजना. तू बसणार नाहीस. मला चाल घरी म्हणायला कुणी नसेल. जे व्हायचं बाकी होतं असं मी धरून बसले होते, ते होणार नाही. तू मला इतकं दिलंस. या वयात एक नवं काम, शेजारचं अख्खं गाव, दुपारी, हसू, आणि माझी स्वतःची झोपसुद्धा तू मोकळी करून दिलीस. बदल्यात एकच मागितलंस, तेही मी अडवून धरलं, कारण तू जाऊ नयेस. तू गेलीस.

मग ते स्वप्नच होतं. तू म्हणत होतीस ते बरोबर होतं.

मी 'मान्य' वर टिचकी मारली. तुझं स्वप्न यादीतून उचलून पहिल्या पानावर सगळ्यांच्या वर जाऊन बसलं. मी डोळे पुसले आणि मग त्या चौकटीत गेले. दोन खोडून एक लिहिला. यंत्राने विचारलं, नक्की? मी म्हटलं, हो. थांबलेली सगळी स्वप्नं एकामागून एक सुटली, कात्रजच्या बाईंच्या सायकलवरच्या तुझ्यासकट, आणि पान भरून गेलं. त्या सगळ्यांखाली एकच नाव आहे, माझं. पुढेही तसंच असेल. तुझ्या स्वप्नाखाली दोघींची आहेत, आधी तुझं, मग माझं. तसं ते शेवटचं.